ओबरआखहून आलेली पोच

हाइलिगब्रुन, ११ फेब्रुवारी २०१६

मदर नोटबुर्गा,

सोबत आमच्या सिस्टर कुनिगुंडचं निधनपत्र पाठवत आहे. रीतीप्रमाणे तुमच्या मठात ते जेवणाच्या वेळी वाचलं जावं आणि तिच्यासाठी प्रार्थना व्हावी, ही विनंती.

एवढं लिहायचं, सही करायची आणि पाकीट बंद करायचं, असं गेली एकोणीस वर्षं चाललंय. आमच्याकडे कुणी वारलं की छापील कागद तुझ्याकडे, तुझ्याकडे कुणी वारलं की माझ्याकडे, आणि आठवड्याभरात त्याची छापील पोच. इतर पन्नाससाठ मठांशीही आपला हाच व्यवहार असतो, त्यामुळे कुणाला त्यात काही वेगळं दिसत नाही.

आज ही चिठ्ठी घालते आहे, कारण निधनपत्रातलं ते वाक्य वाचून तू नाक मुरडशील हे मला इथे बसून दिसतंय. 'शांत, नम्र आणि सेवाभावी.' आमच्या सिस्टर ओटिलीने लिहिलं. ओटिली सगळ्यांबद्दल हेच लिहिते, माझ्याबद्दलही हेच लिहील. पण कुनिगुंड आणि शांत! चर्चच्या मिस्सेत वाटायच्या पातळ भाकरी भाजायच्या खोलीत आपण दोघी तिच्या हाताखाली होतो ती दोन वर्षं आठव. तो लोखंडी साचा, ती वाफ, आणि तिचं ते "वेफी, हात चालव, जीभ नंतर! झेन्झी, तू हसू नकोस, तुझ्या भाकरीला भोक पडलंय!" मठातली नावं मिळून आपल्याला वर्ष झालं होतं, तरी तिने आपली घरचीच नावं चालू ठेवली, मी वेफी आणि तू झेन्झी. भाकरी गोल कापल्यावर उरलेल्या कडा आपण खिशात भरायचो आणि तिला ते माहीत होतं. शनिवारी ती कडा मुद्दाम रुंद सोडायची, हे मला फार उशिरा कळलं.

मंगळवारी दुपारी जेवून ती त्याच खोलीतल्या खुर्चीत बसली. भाकरी भाजणं सहा वर्षांपूर्वीच थांबलंय, पण तिला तिथेच बसायचं असायचं. मला म्हणाली, "ओबरआखला बर्फ पडत असेल का गं?" मी म्हटलं, पडत असेल, तिथे कधी नसतो. थोड्या वेळाने मी चहा घेऊन गेले तर ती गेलेली होती. तुमच्या ओबरआखचं नाव तिच्या मनात कुठून आलं, कोण जाणे.

आता आम्ही चौघी आहोत. माहितीसाठी कळवते.

लुइटगार्ड

हाइलिगब्रुन, २ मार्च २०१६

नोटबुर्गा,

पोच मिळाली. 'आपले निधनपत्र मिळाले. दिवंगत भगिनी कुनिगुंड यांच्यासाठी मिस्सा अर्पण केली व प्रार्थना केली.' आणि सहीच्या खाली पेन्सिलीने तुझं ते बारीक अक्षर: 'शांत? कुनिगुंड??'

मी व्हरांड्यात उभी राहून हसले. सिस्टर फिलिपा काठी टेकत आली आणि विचारायला लागली, काय झालं म्हणून. मी तिला कार्ड दाखवलं. तिने ते डोळ्यांजवळ नेऊन वाचलं, परत वाचलं आणि म्हणाली, "हिला अजून दोन शब्दांच्या वर खर्च करवत नाही." मग कार्ड स्वतःच्या प्रार्थनेच्या पुस्तकात घालून घेऊन गेली. परत दिलं नाही.

तुझे दोन शब्द आल्यामुळे मी सुटले आहे बघ, आता थांबवत नाही. काल भांडारात जुन्या पेट्या लावताना तुझी ती तपकिरी सूटकेस दिसली. १९८५ मध्ये ओबरआखला जाताना तू मठाची नवी नेलीस आणि ही इथेच राहिली. हिच्यासोबतच माझी होती, काळी, पट्टा तुटका.

१ ऑक्टोबर १९६२. सोमवार. तुझ्या वडिलांच्या ट्रॅक्टरवरून आपण आलो आणि माझ्या कपड्यांना डिझेलचा वास येत होता म्हणून मी रडवेली झाले होते. दाराशी माझ्या सूटकेसचा पट्टा सुटला आणि आतलं सगळं पायरीवर पडलं, लोकरीचे मोजेसुद्धा. तू तुझी सूटकेस खाली ठेवलीस, गुडघ्यावर बसलीस आणि माझा पट्टा बांधायला घेतलास. तेवढ्यात दार उघडलं. मी आत गेले.

हे मी दरवेळी असंच सांगते: दार उघडलं, मी आत गेले. आपल्या नियमात जी आधी आली ती मोठी, मग वय काही असो, शिक्षण काही असो. दारावरच्या सिस्टरने वहीत लिहिलं, मी सव्वादोन, तू दोन सोळा. एका मिनिटाने मी तुझ्यापुढे लागले ते लागलेच. प्रार्थनेला पुढे, जेवायला पुढे, आंघोळीच्या गरम पाण्याला पुढे. तेवीस वर्षं माझ्या पाठीकडे बघत तू चाललीस. एकदा म्हणाली होतीस, "वेफी, तुझ्या पाठीचा एक टाका उसवलाय, तो मी तीन वर्षं बघतेय." मी तो शिवला नव्हता, कारण तू बघतेस हे मला आवडायचं.

पट्टा तू बांधत होतीस, हे खरं आहे. मी एक मिनिट थांबू शकत होते, हेही खरं.

ओटिली घंटा वाजवते आहे. तिला वेळेच्या आधी वाजवायची सवय लागली आहे आणि मी तिला काही बोलत नाही.

लुइटगार्ड

हाइलिगब्रुन, १९ ऑक्टोबर २०१७

नोटबुर्गा,

या वेळी निधनपत्र नाही. घाबरू नकोस.

मागच्या आठवड्यात आमची तपासणी झाली. दोन मठांचे प्रमुख आले होते: स्वित्झर्लंडहून एक नवी मदर, फार गोड आणि फार घाईतली, आणि सोबत फादर विगबेर्ट. हो, तेच. ऐंशी वर्षांचे झाले, दोन काठ्या आल्या, पण हसणं तेच, अजून छताला लागतं. जेवायला चीज घातलेल्या श्पेट्झल शेवया केल्या होत्या, तीनदा वाढून घेतल्या आणि मग म्हणाले, "मदर लुइटगार्ड, चौघींनी चाळीस खोल्या तापवायच्या, हे किती दिवस चालायचं?"

मी म्हटलं, "तापवतो कुठे, फादर? दोन स्वेटर घालतो."

ते हसले. ती स्वित्झर्लंडची मदर हसली नाही. तिने वहीतून वाचून दाखवलं. हाइलिगब्रुन पुढच्या वर्षअखेर बंद करावं. आमच्यासाठी जागा त्यांनी शोधून ठेवली होती. हल्ली मठांचे प्रमुख एकमेकांना फोन करून हे सगळं आधीच जमवतात, फार चांगलं काम करतात, मी मानते. ओटिलीला एका घरी, गिसेलाला आणि मला दुसऱ्या घरी, फिलिपाला आजारी सिस्टरांसाठी असलेल्या तिसऱ्या घरी.

फिलिपाने काठी जमिनीवर आपटली. "मला वाटून घेताय? मी काय केकचा तुकडा आहे?" आणि मग सगळ्यांसमोर, स्पष्ट: "मला ओबरआखला पाठवा. मी वीस वर्षांपूर्वीच सांगून ठेवलंय."

फादर विगबेर्टनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या कपात कॉफी ओतली. कप भरलेलाच होता.

आता जे विचारायचं ते विचारते. तुमच्याकडे आता बावीस जणी आहेत म्हणे. बंद पडलेल्या पाच मठांच्या सिस्टर तू जमवल्यास, प्रत्येकीला खोली दिलीस, आणि मठाच्या वरच्या कुरणात मधमाश्यासुद्धा पाळल्यात, हे मी आपल्या मठांच्या परिपत्रकात वाचते, प्रत्येक अंकात, दोनदा. तर आमच्या तिघींना घेशील का? फिलिपा, ओटिली आणि गिसेला. तिघींना एकत्र. ओटिली फिलिपाला मोजे घालते, गिसेला ओटिलीला औषधांची आठवण करते, आणि फिलिपा दोघींना भांडायला कुणीतरी देते. त्यांना तोडलं तर त्या सहा महिने टिकणार नाहीत.

माझं मी बघेन. गावातल्या वृद्धाश्रमात एक खोली आहे. तिथून आपला मनोरा दिसतो.

लुइटगार्ड

हाइलिगब्रुन, २ डिसेंबर २०१७

नोटबुर्गा,

सहा आठवडे झाले. निधनपत्र नव्हतं, त्यामुळे पोच पाठवण्याची सक्ती तुझ्यावर नाही. मी रोज टपाल बघते.

तू का गप्प आहेस, ते मला कळतं. १९९७ ची डॅन्यूबकाठची सभा तू विसरली नाहीस. पण त्या सभेतलं जे तुला माहीत नाही ते सांगितल्याशिवाय मी तुझ्याकडे काही मागू शकत नाही, हे मला मागच्या पत्रातच लिहायला हवं होतं. लिहिता लिहिता हात आखडला. आज पहिल्या ओळीपासून सांगते.

सभेत तू उभी राहिलीस. चौतीस मठांचे प्रमुख बसले होते. तू म्हणालीस, "आम्ही सात जणी उरलोय. कुणाला शक्य असेल तर तीन सिस्टर हव्यात, तीन वर्षांसाठी. मनापासून यायला तयार असतील अशाच." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण माझ्याकडे तेव्हा एकोणतीस होत्या आणि तू आमच्याच घरची. आणि मी म्हणाले, "मी माझ्याकडे विचारून पाहिलं. एकही तयार नाही. आणि माझ्या सिस्टर म्हणजे काही वाचनालयातली पुस्तकं नव्हेत, मदर नोटबुर्गांनी न्यायची आणि परत करायला विसरायची."

फादर विगबेर्ट पहिले हसले. मग सगळेच. तू खाली बसलीस आणि समोरच्या कागदाची घडी घातलीस, मग त्या घडीची घडी.

मी विचारलं होतं, हे खरं. विषयपत्रिकेत ओबरआखचं नाव बघून माझ्या खोलीबाहेर पेटी ठेवली होती, जिला तिकडे जायचंय तिने चिठ्ठी टाकावी म्हणून. तीन चिठ्ठ्या निघाल्या. इर्मेनगार्ड, कुनिगुंड, फिलिपा. बरोबर तीन, तू मागायच्या आधीच. मी त्या खिशात घालून सभेला आले होते, नोटबुर्गा. तू बोलत होतीस तेव्हा माझा हात त्यांच्यावर होता.

घरी परत आल्यावर त्या तिघींना सांगितलं की ओबरआखला आता गरज उरली नाही.

का केलं, ते मला तेव्हाही माहीत होतं. १९८५ मध्ये जुन्या मदरनी तुला तीन वर्षांसाठी ओबरआखला दिलं. तीन वर्षं मी दिवस मोजले. प्रार्थनेला माझ्या मागची जागा रिकामी ठेवायचे, त्या जागेवर दुसरी कुणी सरकली तर तिला मी नजरेने हटवायचे. तू आली नाहीस. तू तिथली मदर झालीस. मला तुझा इतका राग होता की त्याला मी मठाची काळजी असं नाव दिलं. वाटलं, तिकडे गेलेलं कुणी परत येत नाही. आणखी तिघी का द्यायच्या?

इर्मेनगार्ड २००९ मध्ये गेली. कुनिगुंड तुमच्याकडच्या बर्फाबद्दल विचारत गेली, आणि मी तुला लिहिलं की ते नाव तिच्या मनात कुठून आलं कोण जाणे. मला पक्कं माहीत होतं.

काल फिलिपाला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती काठी आपटेल. ती खिडकीकडे बघत बसली. संध्याकाळच्या प्रार्थनेला आली नाही. आज सकाळी नाश्त्याला म्हणाली, "म्हणजे वीस वर्षं मी समजत होते की त्यांना मी नको होते."

तिला घे, नोटबुर्गा. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस.

वेफी

ओबरआख, १४ डिसेंबर २०१७

वेफी,

तुझं पत्र वाचून मी बाहेर गेले आणि अंगणातला सगळा बर्फ एकटीने काढला. वयाच्या पंच्याहत्तराव्या वर्षी, डॉक्टरांनी वाकू नको सांगितलेलं असताना. आता कंबर धरून बसले आहे, म्हणून लिहायला सवड आहे.

मीही वीस वर्षं समजत होते की तुमच्यापैकी कुणालाच माझ्याकडे यायचं नव्हतं. इर्मेनगार्डलासुद्धा नाही, जिने मला ऑर्गन शिकवला, जी माझ्या चुकलेल्या सुरांवर पाय आपटायची. तिचं निधनपत्र आलं तेव्हा मी ते जेवणाच्या वेळी स्वतः वाचलं, आवाज न हलवता. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. तू माझं रडणं घेतलंस, वेफी. ते आता आलं आहे, आठ वर्षं उशिरा, आणि इथल्या बायकांना वाटतंय की ते कंबरेमुळे आहे.

माझंही एक ऐक. १९८८ च्या वसंतात मी तुला पत्र लिहिलं होतं: इथे मला मदर करायचं म्हणतात, मी थांबू की परत येऊ? तू उत्तर दिलंस, 'जसं तुला बरं वाटेल.' आणि खाली चार ओळी आलुबुखाराच्या मुरंब्याबद्दल. ते पत्र अजून आहे माझ्याकडे. मला 'ये' हवं होतं. एकच अक्षर. ते असतं तर मी दुसऱ्या दिवशीच्या बसमध्ये बसले असते.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

तिघी नाही. चौघी. वृद्धाश्रमाच्या खिडकीतून मनोरा बघत बसायचं नाटक माझ्यासमोर करू नकोस.

पण एक अट आहे. तू चौतीस जणांसमोर खोटं बोलून माझं हसं केलंस. ते तिथेच सरळ कर. ईस्टरनंतरची सभा परत डॅन्यूबकाठीच आहे. त्याच खोलीत उभी राहा आणि सांग. आणि वेफी, विनोद करायचा नाही. एकही नाही. तू चार वाक्यं विनोदाशिवाय बोललेलं मी आजवर ऐकलेलं नाही, म्हणून ही अट सोपी नाही हे मला माहीत आहे.

शिवाय, इथे येणारीला ती दारात आली त्या तासापासूनच जागा मिळते. मदर असलीस तरी. आमच्याकडे सगळ्यांत शेवटची सध्या चोवीस वर्षांची आहे. तू तिच्या मागे उभी राहशील.

झेन्झी

डॅन्यूबकाठी, ११ एप्रिल २०१८

झेन्झी,

तू आली नाहीस. तुमच्या उपप्रमुख सिस्टर म्हणाल्या, खुब्याचं ऑपरेशन सोमवारीच झालं. मला आधी वाटलं तू मुद्दाम केलंस. मग वाटलं, खुबा कुणी मुद्दाम बदलून घेत नाही. मग वाटलं, तू घेशील.

तू नव्हतीस म्हणून मला न बोलता परत जाता आलं असतं. तसा विचार चहाच्या सुट्टीत पूर्ण एक कप पुरला.

खोली तीच आहे. खुर्च्या बदलल्यात, हिरव्या झाल्या. चौथा विषय होता नव्या मुलींना सगळ्या मठांनी मिळून शिकवायचा, आणि पाचवा सौरऊर्जेचा. त्या दोन्हींच्या मध्ये मी हात वर केला. उभी राहिले. टेबलाला धरलं.

जे बोलले ते तसंच लिहिते. "एकवीस वर्षांपूर्वी याच खोलीत मदर नोटबुर्गांनी तीन सिस्टर मागितल्या होत्या. मी सांगितलं की माझ्याकडे कुणी तयार नाही. ते खोटं होतं. तिघी तयार होत्या आणि त्यांच्या चिठ्ठ्या माझ्या खिशात होत्या. मी त्यावर विनोद केला आणि तुम्ही हसलात, कारण तुम्हाला मी खरं बोलते असं वाटत होतं. त्या तिघींपैकी दोघी आता नाहीत."

मग चिठ्ठ्या टेबलावर ठेवल्या. त्या मी फेकल्या नव्हत्या. प्रार्थनेच्या आसनाच्या खणात होत्या, एकवीस वर्षं मी त्यांच्यावर गुडघे टेकत आले.

एक विनोद माझ्या जिभेवर आला होता, चांगला होता, तुला नंतर सांगेन. गिळला.

फादर विगबेर्ट म्हणाले, "पहिला मी हसलो होतो. मला आठवतंय." त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. मग म्हणाले, "म्हणजे मलाही उभं राहायला हवं," आणि दोन्ही काठ्या शोधायला लागले. त्यांच्या शेजारच्या तरुण मठाधिपतींनी "बसा हो, फादर" म्हणून खांद्यावर हात ठेवला, तर त्यांच्यावर खेकसले, "तू तेव्हा शाळेत होतास. तू बस." ते उभे राहिले. मग पलीकडे एक म्हातारे उभे राहिले, मग खिडकीशी एक मदर. त्या दिवसाचे चौतीसांपैकी नऊच उरलेत, झेन्झी. नऊही उभे होते. कुणी प्रार्थना म्हटली नाही की काही नाही. मग फादर विगबेर्ट तुमच्या उपप्रमुख सिस्टरांकडे वळून म्हणाले, "मदर नोटबुर्गांना सांगा, या वेळी आम्ही बसून राहिलो नाही."

मग सौरऊर्जा झाली. मला त्यातलं काही कळलं नाही.

मी रडले. ते तू सांगितलं नव्हतंस, पण मनाई पण केली नव्हतीस.

वेफी

ओबरआख, ३ डिसेंबर २०१८

झेन्झी,

तू दोन जिने खाली आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. पण नाताळच्या तयारीचं मौन सुरू आहे आणि तू मला सूप वाढतानासुद्धा बोलत नाहीस, तेव्हा दुसरा उपाय काय? शिवाय शुक्रवारी दाराबाहेर काय झालं ते तू पाहिलं नाहीस. तू आत, काठीवर, दिवाणखान्यात उभी होतीस.

हाइलिगब्रुनच्या दाराला कुलूप मी लावलं. किल्ली गावच्या फादरांना दिली. छप्पन्न वर्षं त्या दाराच्या आतून बाहेर बघितलं, बाहेरून आत बघायची सवयच नव्हती. फार लहान दिसलं. भाकरीचा लोखंडी साचा मी घेतला आहे, तुझ्या परवानगीशिवाय, तो ओटिलीच्या स्वेटरांमध्ये आहे. तुझी तपकिरी सूटकेसही आणली. त्यात फिलिपाचं सामान आहे.

गाडी वर चढायला लागली आणि बर्फ सुरू झाला. फिलिपा काचेला नाक लावून बसली. म्हणाली, "कुनिगुंडला सांगायला हवं." मग थेट तुमच्या दारापर्यंत तिने काचेवरचं नाक काढलं नाही.

दारात उतरलो. दारावरच्या तुमच्या सिस्टर वही घेऊन उभ्या होत्या. आणि तुझ्या त्या सूटकेसचा पट्टा, छप्पन्न वर्षांत ज्याला काही झालं नाही, तो पायरीवर तुटला. फिलिपाचे मोजे, औषधं, प्रार्थनेचं पुस्तक, सगळं बर्फात. पुस्तकातून तुझं ते कार्ड बाहेर आलं, 'शांत? कुनिगुंड??' म्हणून लिहिलेलं.

मी गुडघ्यावर बसले. गुडघे कुरकुरले. ओटिली वाकायला लागली, तिला म्हटलं, "तू हो पुढे." गिसेलाला म्हटलं, "तूही." फिलिपा माझ्या डोक्यावर उभी राहून वर सल्ले देत होती. तिला म्हटलं, "तुम्ही सगळ्यांच्या आधी जा, सिस्टर. तुमचा नंबर एकवीस वर्षांपासून लागलेला आहे." तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि आत जाताना दारावरच्या सिस्टरना म्हणाली, "उशीर झाला. मदरला खिशातलं सापडत नव्हतं."

तुझ्या अटीत फिलिपाचे विनोद नव्हते.

मी पट्ट्याला गाठ मारली. पहिल्यांदा सुटली. परत मारली. आतून तुमच्या सिस्टर लिहीत होत्या ते ऐकू येत होतं: फिलिपा, तीन दहा; ओटिली, तीन अकरा; गिसेला, तीन अकरा. दार उघडं होतं. मी गाठ नीट घट्ट केली, मोजे घडी करून आत ठेवले, आणि मग उठले. तीन चौदा. ओबरआखमध्ये सगळ्यांत शेवटची.

उंबऱ्यावर पाय ठेवला तेव्हा तू म्हणालीस, "ये."

तीस वर्षांपूर्वी हे अक्षर मला लिहिता आलं नव्हतं, आणि तू ते इतक्या सहज म्हणालीस की मला पुढे पाऊल टाकायलाच वेळ लागला.

आमच्या तिघींना तू पुढे खुर्च्या दिल्यास, म्हणून आज सकाळी प्रार्थनेला मी त्या चोवीस वर्षांच्या मुलीच्या मागे उभी होते. तिच्या पाठीवर एक टाका उसवलेला आहे. मी तिला सांगणार नाही.

आणि दुपारी जेवायला बसले तर ताटाखाली हे कार्ड होतं. ते मी परत परत वाचलं आहे, आणि सूप गार केलं, आणि तू वरच्या टेबलावरून बघत होतीस, मला माहीत आहे. छापील पोच, नेहमीची. 'निधनपत्र' वर काट मारलेली, 'दिवंगत' वर काट मारलेली, आणि पेन्सिलीने तुझं ते बारीक अक्षर:

'हाइलिगब्रुनच्या चौघी मिळाल्या. जिवंत. प्रार्थना केली.'

वेफी